देवधरांचं वय विचारू नका

दि. ब. देवधर हे नाव काढलं की समोरचा हमखास एकच गोष्ट विचारतो, "ते शंभर वर्षं जगले ना?" हो, जगले. १४ जानेवारी १८९२ ला पुण्यात जन्मले आणि २४ ऑगस्ट १९९३ ला पुण्यातच गेले. एकशे एक वर्षं आणि वर सात महिने. पण शंभर वर्षं जगणं म्हणजे काही क्रिकेट नव्हे. दर चार गल्ल्यांमागे एखादी पणजी नव्वदी ओलांडून दारात बसलेली असते, तिच्या नावाने कुणी ट्रॉफी काढत नाही. देवधरांच्या नावाने १९७३-७४ साली काढली, ती त्यांच्या बॅटमुळे. आणि नेमकी ती बॅटच आपण विसरून बसलोय.

'भारतीय क्रिकेटचे भीष्माचार्य' हे त्यांचं ठरलेलं विशेषण. मला ते पहिल्यापासून खटकतं. भीष्म म्हटलं की बाणांच्या शय्येवर पडून सगळ्यांना उपदेश करणारा म्हातारा डोळ्यांसमोर येतो. देवधर पन्नाशी उलटल्यावरही पॅड बांधून मैदानात उतरत होते, आणि उपदेश ऐकायला त्यांच्यासमोर उभे असायचे ते ताज्या दमाचे बोलर.

म्हातारपणाचं कौतुक हा माणसाला कामातून बाद करायचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे. शाल, श्रीफळ, एक खुर्ची, दोन फोटो. देवधरांना यातलं सगळं मिळालं. १९६५ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये, म्हणजे नव्याण्णवाव्या वर्षी, पद्मविभूषण. मृत्यूनंतर १९९६ मध्ये टपाल तिकीट. मिळाली नाही ती एकच गोष्ट, कसोटी संघाची टोपी. एकही कसोटी ते खेळले नाहीत. हे वाक्य त्यांच्यावरच्या लेखांमध्ये 'दुर्दैवाने' या शब्दाने सुरू होतं. यात दैव कुठून आलं? संघ माणसं निवडतात.

जरा मागे जाऊ. डिसेंबर १९२६. आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ मुंबईत आलेला. बॉम्बे जिमखान्यावर सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ धावा कुटल्या, त्यात ११ षटकार. ही खेळी भारतीय क्रिकेटच्या प्रत्येक पुस्तकात आहे आणि असायलाच हवी. त्याच महिन्यात त्याच मैदानावर अखिल भारतीय संघ एमसीसीशी खेळला आणि त्यात देवधरांनी १४८ केल्या. ही खेळी पुस्तकात असते, पण बहुतेकदा तळटीपेत. षटकार मोजायला सोपे असतात आणि पुण्याच्या संस्कृतच्या प्राध्यापकाने तंबू ठोकून काढलेल्या धावांवर सिनेमा निघत नाही. पण इथल्या बॅटिंगवर गोऱ्यांचा विश्वास बसला तो या दोन्ही खेळींमुळे. गिलिगनने भारताने स्वतःचं मंडळ काढावं म्हणून जोर लावला आणि १९२८ मध्ये बीसीसीआय उभं राहिलं. आज जगातलं सगळ्यात श्रीमंत असलेल्या या मंडळाच्या पायात देवधरांच्या १४८ धावा पुरलेल्या आहेत.

मग आलं १९३२. भारताचा पहिला कसोटी संघ बोटीतून इंग्लंडला निघाला. देवधर चाळीस वर्षांचे होते, संघात नव्हते. आज हे कुणाला सांगा, तो सहज म्हणतो, "वय झालं असेल हो." या 'वय झालं असेल'ची जरा झडती घेऊ.

१९३० साली, म्हणजे दोनच वर्षं आधी, विल्फ्रेड ऱ्होड्स इंग्लंडकडून जमैकात कसोटी खेळला. वय ५२. त्याच वर्षी जॅक हॉब्ज शेवटची कसोटी खेळला, वय ४७. आणि १९३२-३३ च्या त्या गाजलेल्या बॉडीलाइन मालिकेत ऑस्ट्रेलियाकडून बर्ट आयर्नमाँगर नावाचा स्पिनर बोलिंग टाकत होता, तो पन्नास वर्षांचा होता. म्हणजे क्रिकेट ज्यांनी शोधलं आणि ज्यांनी ते त्यांच्याच तोंडावर मारलं, त्या दोन्ही देशांत चाळिशी हा गुन्हा नव्हता. आपल्या संघाचे कप्तान कोण होते? पोरबंदरचे महाराज. वय तिशीच्या आसपास, एकदम तरुण. दौऱ्यावरच्या प्रथमश्रेणी सामन्यांत त्यांनी सगळ्या मिळून दोन धावा काढल्या. (लॉर्ड्सच्या कसोटीत ते स्वतःहून बाजूला झाले आणि नायडूंना कप्तान होऊ दिलं, हा मोठेपणा त्यांच्या नावावर मांडायलाच हवा. काही राजांना तेवढंही जमलं नाही.) वय हा निकष असतो तेव्हा तो सगळ्यांना लागत नाही. तो ज्यांना लावायचा असतो त्यांनाच लावला जातो. १९३२ मध्येही आणि आजही.

आता 'वय झालेल्या' माणसाने पुढे काय केलं ते बघा. १९३९-४० मध्ये महाराष्ट्राने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, पुण्यात संयुक्त प्रांताला दहा विकेटने हरवून. पुढच्या वर्षी मद्रासला जाऊन मद्रासलाच हरवलं आणि करंडक राखला. दोन्ही वेळा कप्तान देवधर. त्या दुसऱ्या मोसमात पुण्यात मुंबईविरुद्ध सामना झाला. देवधरांचं वय ४८, धावा २४६. महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. म्हणजे मुंबईने साडेसहाशे करूनही सामना गमावला. मुंबईला हरवणं म्हणजे काय असतं हे ज्या महाराष्ट्राच्या खेळाडूने एकदा तरी मुंबईशी सामना खेळलाय त्याला सांगायला नको. आणि १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकं, १०५ आणि १४१. वय ५२ पूर्ण. बावन्नाव्या वर्षी माणसं नातवाला बागेत नेतात, हे दिवसभर उन्हात उभे होते आणि दोनदा उभे होते.

कारकिर्दीची सुरुवात १९११ ची. म्हणजे पहिल्या महायुद्धाआधी खेळायला लागलेला हा माणूस दुसरं महायुद्ध चालू असताना शतकं काढत होता. ८१ प्रथमश्रेणी सामने, साडेचार हजारांवर धावा, एकोणचाळीसची सरासरी. पस्तीस-एक वर्षांत फक्त ८१ सामने, कारण तेव्हा सामनेच तेवढे असायचे. आजचा खेळाडू एवढे सामने आठ-दहा वर्षांत खेळतो आणि मग त्याला सांगतात, बाबा, तुझं झालं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो फालतू नाही. म्हातारे जागा अडवून बसले तर पोरांनी जायचं कुठे? अकरा जणांचा संघ, त्यात अडतीस वर्षांचा एक धरला की वीस वर्षांचा एक बाहेर बसतो. हिशेब सरळ आहे. पण देवधरांच्या संघातच त्याचं उत्तर आहे. १९३९-४० च्या मोसमात पुण्यात बडोद्याविरुद्ध एका चोवीस वर्षांच्या सांगलीच्या मुलाने नाबाद ३१६ धावा केल्या. त्याचं नाव विजय हजारे. कप्तान होते त्याच्या दुप्पट वयाचे. त्याच संघात रंगा सोहोनी होता, विशी नुकती ओलांडलेला. दोघेही पुढे भारताकडून कसोटी खेळले. देवधरांनी हजारेंची जागा अडवली नाही. त्यांच्यामुळे हजारेंना बॅटिंग करायला एक संघ मिळाला, जो मुंबईला घाबरत नव्हता. ड्रेसिंग रूममध्ये असा एक माणूस असणं ज्याने वीस-पंचवीस वर्षं हरणं-जिंकणं पाहिलंय, ही कुठल्याही अकॅडमीत फी भरून मिळणारी गोष्ट नाही.

आणि त्यानंतर? महाराष्ट्राने रणजी करंडक पुन्हा जिंकलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३, २०१३-१४, तीनदा अंतिम सामन्यात पोचलो, तीनदा हरलो. ऐंशीहून जास्त वर्षं झाली. या काळात आपण स्टेडियम बांधलं, लीग काढली, सोळाखाली, एकोणीसखाली, तेवीसखाली असे वयाचे कप्पे पाडले. करंडक काही आला नाही. वयाचे कप्पे पाडले म्हणूनच आला नाही असं मी म्हणत नाही, एवढं सरळ काही नसतं. पण ज्या दोन वर्षी आला, त्या दोन्ही वर्षी कप्तान पन्नाशीला टेकलेला होता, ही गोष्ट निदान एकदा मोठ्याने बोलायला काय हरकत आहे?

आता आजचा बाजार. आयपीएलला वयाची दोन्ही टोकं प्रचंड आवडतात. २०२५ मध्ये वैभव सूर्यवंशीने चौदाव्या वर्षी ३५ चेंडूंत शतक ठोकलं आणि सगळा देश वेडा झाला. मीही झालो. दुसऱ्या टोकाला धोनी. त्याला कमी पैशात राखता यावं म्हणून की काय, निवृत्तीला पाच वर्षं झालेला खेळाडू 'अनकॅप्ड' धरायचा हा गाडलेला नियम उकरून काढला गेला आणि दोन विश्वचषक जिंकलेला कप्तान कागदावर नवखा झाला. चाळिशी ओलांडली तरी चालतं, फक्त तुमच्या नावाची जर्सी विकली गेली पाहिजे. मधला जो आहे, एकतीस-बत्तिशीचा, रणजीत सातत्याने धावा काढणारा, दिवसाच्या मानधनावर खेळणारा, त्याला ना चौदाचं नवल ना त्रेचाळीसचं वलय. त्याला लिलावात कुणी हात वर करत नाही. त्याच्यावर रील निघत नाही.

या मधल्या लोकांची यादी आपल्याच घरात केवढी लांब आहे. पद्माकर शिवलकर : प्रथमश्रेणीत ५८९ बळी, कसोटी शून्य. हा माणूस ४७ व्या वर्षी मुंबईकडून परत खेळायला उतरला होता. मार्च २०२५ मध्ये गेला आणि दोन दिवस सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. अमोल मुजुमदार : ११ हजारांवर प्रथमश्रेणी धावा, ३० शतकं, भारताकडून एकही सामना नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला त्याने शिकवलेल्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप उचलला, तेव्हा लोकांना अचानक आठवलं की हा खेळायचासुद्धा. प्रवीण तांबेची गोष्ट तर तुम्हाला सिनेमामुळे माहीत आहे. ४१ व्या वर्षी आयपीएल पदार्पण, तोवर एकही प्रथमश्रेणी सामना नाही. सिनेमा बघताना आपण रडलो, शिट्ट्या मारल्या. पण तांबे सापडला, म्हणजे न सापडलेले किती असतील, हा प्रश्न सिनेमा संपला तिथेच राहिला.

वयाच्या या वेडाचं सगळ्यात घाण फळ मात्र खाली मुलांच्या पातळीवर येतं. वय कमी दाखवणं. जन्मदाखल्यात दोन वर्षं खाऊन पोराला सोळाखालच्या संघात घुसवायचं. हे इतकं पसरलं की मंडळाला मुलांच्या मनगटाच्या हाडांचे एक्स-रे काढून वय तपासावं लागतं. राहुल द्रविडने २०१५ च्या पतौडी व्याख्यानात यावर कडक शब्दांत बोट ठेवलं होतं. पण आई-बाप असं का करतात? एकोणिसाव्या वर्षापर्यंत दिसला नाहीस तर संपलास, हे आपणच त्यांना सांगितलंय म्हणून. दार इतकं अरुंद केलं की लोक पोराला आडवं करून आत ढकलायला लागले. तेरा वर्षांच्या मुलाला आपलं खरं वय लपवायला शिकवणारा खेळ एकशे एक वर्षांच्या माणसाच्या वयाचे सोहळे करतो. या विसंगतीचं हसू येतं आणि लगेच जातं.

तळेगाव दाभाड्यात राहणाऱ्याला हे सगळं फार लांबचं वाटत नाही. इथून लोकलने पुण्याकडे निघालात की घोरावडी, बेगडेवाडी, देहूरोड एवढ्या टप्प्यात, एक्स्प्रेसवेच्या कडेला गहुंज्याचं स्टेडियम आहे. २०१२ मध्ये उघडलं. लंडनच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्सने आखलेलं, देखणं आहे, खोटं कशाला बोलू. त्याचं नाव आधी सहाराच्या मालकाच्या नावावर होतं, मग पैशांवरून बिनसलं आणि २०१३ मध्ये नाव उतरलं. नाव कुणाचं लागतं आणि कशामुळे उतरतं, त्याचा हा धडाच. इथे कोहलीने २०१९ मध्ये नाबाद २५४ केल्या. इथेच २०१७ मध्ये भारत ऑस्ट्रेलियाविरुद्ध १०५ आणि १०७ मध्ये आटोपला. इथेच २०२४ मध्ये सँटनरने तेरा बळी घेतले आणि घरच्या मैदानावर सलग अठरा कसोटी मालिका जिंकण्याची साखळी तुटली. (६७५ विरुद्ध ६५० वाली पुण्याची खेळपट्टी कुठे गेली, हा वेगळा निबंध होईल.)

त्या स्टेडियमपासून दुचाकीवर पंधरा-वीस मिनिटांत मावळातल्या कुठल्याही गावात जा. भात निघाला की शेतातच पीच तयार होतं. टेनिस बॉलच्या स्पर्धा, फ्लडलाइट, यूट्यूबवर लाइव्ह, कॉमेंट्रीवाला माइकवर ओरडतोय, पहिलं बक्षीस कुणा भाऊंच्या नावाने. तिथे बघा कोण खेळतं. एमआयडीसीत पहिली शिफ्ट करून आलेला चौतिशीचा बोलर, ज्याचा यॉर्कर अजून बुटावर पडतो. कॅबचा धंदा करणारा ओपनर. यांच्यातल्या बहुतेकांनी लेदर बॉल सोडला तो सतराव्या-अठराव्या वर्षी, कारण किटला पैसे नव्हते, पुण्याला रोज जाऊन प्रॅक्टिस परवडत नव्हती, आणि तेवढ्यात वयाचा कप्पा बंद झाला. त्यांच्यातले सगळे तांबे नाहीत. पण एखादा असेल तर त्याला परत आत यायला दार कुठे आहे? जिल्ह्याच्या क्लब क्रिकेटमध्ये तिशीनंतर पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याकडे लोक वऱ्हाडात घुसलेल्या अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं बघतात.

इथे देवधरांच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. ते इतकी वर्षं खेळू शकले यामागे त्यांची जिद्द होती, तशी त्यांची नोकरीही होती. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे. महिन्याचा पगार, समाजात मान, शहरातल्या मैदानांवर हक्काने प्रवेश. घरातही खेळ होता, त्यांच्या मुलींनी १९४० च्या दशकात बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ज्या हिंदू संघातून देवधर खेळायला लागले, त्याच संघात पळवणकर बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणारे बाळू. पुण्यातच ग्राउंड्समन म्हणून राबत, साहेबांना नेटमध्ये बोलिंग टाकत मोठे झाले. संघासाठी बळी घ्यायचे आणि चहा मात्र वेगळ्या मातीच्या कपातून, बाहेर बसून घ्यायचा. हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही, आणि त्याचं कारण जात होतं. लांब कारकीर्द ही फक्त शरीराची गोष्ट नसते, पोटाचा प्रश्न सुटलेला असावा लागतो आणि दार उघडं असावं लागतं. देवधरांना तीस-पस्तीस वर्षं खेळता आलं तसं ते बाळूंच्या वाट्याच्या माणसांनाही आलं पाहिजे होतं. आज एमआयडीसीतल्या त्या चौतिशीच्या बोलरलाही आलं पाहिजे. म्हणूनच मला देवधरांची गोष्ट 'बघा, मनात आणलं तर माणूस काहीही करू शकतो' या थाटात सांगितलेली चालत नाही. मनात आणणारे पुष्कळ असतात.

आणि देवधर करंडकाचं काय झालं? २०१९-२० नंतर बंद. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुदुच्चेरीला पुन्हा भरवला, दक्षिण विभागाने जिंकला. २०२४-२५ च्या वेळापत्रकातून परत गायब. कारण देण्याची कुणाला गरज वाटली नाही आणि विचारण्याची आपल्याला. एक साधा पन्नास षटकांचा विभागीय करंडक, जिथे आयपीएल न मिळालेल्या रणजीतल्या त्या एकतीस-बत्तिशीच्या माणसाला चार सामने जास्त मिळत होते, तोच काढला. पुतळे, तिकिटं, जयंत्या चालू राहतील, त्यांना खर्च कमी येतो.

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे देवधर अध्यक्षही होते. त्या संघटनेकडे माझं मागणं अगदी साधं आहे. दरवर्षी एकदा, गहुंज्याला किंवा पुण्यात कुठेही, लेदर बॉलची खुली चाचणी ठेवा. फॉर्मवर नाव, गाव, बॅटिंग की बोलिंग, एवढंच विचारा. जन्मतारखेचा रकाना छापू नका. आणि मावळातून येणाऱ्यांसाठी ती रविवारी ठेवा, शनिवारी बऱ्याच जणांची शिफ्ट असते.